दाबूची साडी घेताना

मैत्रिणींनो, आपल्या परभणीच्या काळ्या मातीचा चिखल पदराला लागला, की आपण आधी साबण शोधतो. राजस्थानात बगरू, अकोला अशा गावांत मात्र चिखल मुद्दाम कापडावर लावतात. (हे अकोला चितोडगड जिल्ह्यातलं, आपलं वऱ्हाडातलं नव्हे बरं का!) या छपाईला म्हणतात ‘दाबू’.

ती करणारे छीपा आपल्याला अगदीच परके नाहीत. त्यांतले कित्येकजण संत नामदेवांना आपले मानतात. आपण नामदेवांना शिंपी म्हणतो, उत्तरेत ते छीपा म्हणून ओळखले जातात. आणि नामदेवांचं नरसी १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातच होतं!

आता ही साडी होते कशी, ते ऐका. तळ्यातली माती, चुना, डिंक आणि किडक्या गव्हाचं पीठ असं सगळं भिजवून, पायांनी तुडवून, फडक्यातून गाळून घेतात. लाकडी ठसा त्यात बुडवून कापडावर उठवायचा आणि लगेच वरून लाकडाचा भुसा भुरभुरायचा, म्हणजे ओली माती पसरत नाही. उन्हात वाळलं की कापड निळीच्या हौदात. माती असेल तिथे रंग शिरत नाही. मग कापड धुतलं, की निळ्यावर पांढरी नक्षी उमटते. दोन छटांचा निळा हवा असेल, तर पुन्हा माती, पुन्हा ऊन, पुन्हा हौद! पावसाळ्यात माती वाळत नाही, तेव्हा हे काम रखडतंच.

इतके हात लागलेली साडी स्वस्त कशी मिळेल? तरीही प्रदर्शनात कुणी फारच कमी किमतीत ‘दाबू’ म्हणून पुढे केली, तर जरा थांबा. स्क्रीनवर छापलेला मालही त्याच नावाने खपवला जातो. त्यात आपले पैसे तर जातातच, शिवाय ठसा उठवणाऱ्याच्या पोटावर पाय येतो.

साडी उलटी करून पाहा. खरी दाबू हौदात बुडवलेली असते, म्हणून तिची जमीन दोन्ही बाजूंनी सारखीच गडद दिसते. छापील मालाची मागची बाजू बहुधा फिकी असते. दुसरं म्हणजे, वाळलेल्या मातीला तडे जातात आणि त्यांतून रंग झिरपून बारीक शिरा उमटतात. त्या प्रत्येक फुलात निराळ्या हव्यात. ठरावीक अंतरावर हुबेहूब तीच शीर पुन्हा दिसली, तर दुकानदार काहीही सांगो, साडी खुशाल घडी करून परत द्या.

घरी आणल्यावर निळा रंग सुरुवातीला हाताला, परकराला थोडा लागतो. तेवढ्यावरून फसवणूक झाली असं समजू नका. पहिल्या काही वेळा साडी वेगळी, गार पाण्यात रिठ्याने किंवा सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा. मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं शेजारपाजारी सांगतात. निळीच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. काळ्या-करड्या दाबूत मात्र रंग बहुधा लोखंड आणि हिरडा यांचा असतो आणि आंबट पदार्थाने तो फिका पडतो. तेव्हा वरणावर लिंबू पिळताना पदर सावरून बसा.