संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वी

पाठ घेण्यापूर्वी शिक्षक टाचण काढतो. स्वतःचे संकेतस्थळ प्रसिद्ध करण्यापूर्वीही तशीच पूर्वतयारी हवी. पाने प्रथम आपल्या संगणकावर तपासावीत. तथापि तेवढ्याने भागत नाही. फाइलीच्या नावातील लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद विंडोज सहसा मानत नाही. लिनक्स सर्व्हर मानतो. त्यामुळे घरी दिसणारे चित्र तेथे दिसेनासे होते. मजकूर युनिकोडमध्ये नसल्यास दुसऱ्याकडे मराठीऐवजी निरर्थक चिन्हे उमटतात. यास्तव पाने सर्व्हरवर संकेतशब्दाच्या कुलपात ठेवून सहकाऱ्याच्या मोबाइलवर प्रत्येक दुवा उघडून पाहावा. मुलांचे पत्ते वा आधार क्रमांक त्यांत राहिले नाहीत ना, याचीही खात्री करावी. फळ्यावरील चूक पुसता येते. प्रसिद्ध झालेल्या पानाची प्रत मात्र, ते काढून टाकल्यावरही, अन्यत्र उरू शकते.