बाप्तिस्म्याची तारीख आणि शांतीची वाट

मंडळीच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख असते. मन कधी निवले, याची नोंद कुठेच नसते. मराठी ख्रिस्ती परंपरेतल्या तीन मोठ्या माणसांची 1883 ते 1922 ही चार दशके पाहिली, तर या दोन गोष्टींमध्ये किती अंतर पडू शकते ते कळते. पंडिता रमाबाई, नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या तिघांनीही आपल्या जगण्याविषयी मोकळेपणाने लिहिले, म्हणून हा मागोवा घेता येतो.

रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे झाला. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पतीही गेले. कडेवर लहानगी मनोरमा. अशा बाईने आधारासाठी नवा धर्म धरला असेल आणि ती तिथे विसावली असेल, असे कुणालाही वाटेल. पण त्या काळचा त्यांचा वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वेगळेच सांगतो. त्रैक्य, चर्चचा अधिकार, अशा एकेका मुद्द्यावर त्या भांडत होत्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही मानायचे नाही, हा त्यांचा बाणा बाप्तिस्म्याने मोडला नव्हता. पुढे 1907 साली लिहिलेल्या साक्षीत त्यांनी स्वतःच सांगितले, की इंग्लंडमध्ये आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त भेटला तो आठेक वर्षांनंतर. हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. दीक्षा घेऊन सेवेला लागल्यावर कितीतरी काळाने या गृहस्थाच्या अंतःकरणात पालट झाला होता. रमाबाईंना त्यात आपलेच चित्र दिसले.

त्यानंतरची वर्षे मात्र वादळी गेली. भारतात परतल्यावर विधवांसाठी काढलेल्या पुण्याच्या शारदासदनात त्यांच्या प्रार्थनेला मुली येऊन बसू लागल्या, तसा 1893 मध्ये गदारोळ उठला. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी प्रार्थनाही थांबवली नाही आणि सदनही बंद केले नाही. 1896 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. त्यातून केडगावचे मुक्तिसदन वाढत गेले. तिथे 1905 मध्ये आत्मिक जागृती आली, तेव्हा शेकडो मुली एकाच वेळी मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करत. बाहेरून येणारे पाहुणे त्या कल्लोळाने बिचकत, रमाबाई बिचकल्या नाहीत. उतारवयात त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. सदनाचा सगळा व्याप सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणत राहिल्या. 1921 मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते.

टिळकांची वाट आगगाडीच्या डब्यातून सुरू झाली. 1893 मध्ये प्रवासात भेटलेल्या एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते झपाटले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शांतीच्या शोधात निघालेल्या या माणसाच्या घरात त्या दिवशी आकांत झाला. बायको दुरावली, मुलगा दुरावला, आप्तांची दारे बंद झाली. पुढे नगरला शिकवणे, पाळकपण, ‘ज्ञानोदय’ या ख्रिस्ती नियतकालिकातले लेखन असे सारे झाले, तरी परदेशी मिशनच्या पगारी चौकटीत त्यांचा जीव रमेना. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे सांगणाऱ्या कवीला पाश्चात्त्य साच्यातली उपासना कशी पुरणार? त्यांनी भजने रचली, कीर्तने केली. अखेर 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताला गुरू मानणारा कुणीही तिथे चालणार होता. पण दरबाराला त्यांचा सहवास फार लाभला नाही. 9 मे 1919 रोजी ते गेले.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या बाबतीत क्रम उलटा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून आपण बदलायचे, हे त्यांना मान्य नव्हते. नातलगांकडे राहून झाल्यावर त्या नगरला आल्या, तरी सोवळे सुटले नाही. मग विचार करता करता जातिभेद माणसांनीच केला आहे, हे एकदा मनात लख्ख उमटले आणि शिवाशीव गळून पडली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. म्हणजे मनातली गाठ आधी सुटली, पाणी मागाहून पडले. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवतो तो त्यांचा विनोद. स्वतःचा हट्ट, टिळकांचा तापटपणा, फजिती, उपासमार, सारे त्या हसत सांगतात. ज्या दुःखाने एकेकाळी त्यांना वेड लागायची पाळी आणली, त्याच दुःखाची गंमत सांगता येणे ही शांती आल्याची खूण मला फार विश्वासार्ह वाटते. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही त्यांनीच पूर्ण केले.

आजही उपासनेत साक्ष द्यायला उभी राहिलेली व्यक्ती बहुधा अमुक दिवशी अमुक घडले आणि मला शांती मिळाली, असे सांगते. तसे होतही असेल. पण या तिघांच्या साक्षी इतक्या सरळ नाहीत. रमाबाईंना आठ वर्षे थांबावे लागले, टिळक बावीस वर्षांनी नवे घर शोधायला निघाले, लक्ष्मीबाई रागावून, भांडून आणि विचार करून पोहोचल्या. निवांतपणा तिघांच्याही वाट्याला फारसा आला नाही. भोवती दुष्काळ, प्लेग आणि माणसांचा राबता होता, आणि त्यातून बाजूला होण्याची त्यांची मागणीही नव्हती. विश्वास धरूनही ज्याचे मन अजून अस्वस्थ आहे, त्याने स्वतःला कमअस्सल ख्रिस्ती समजण्याचे कारण नाही. मराठीतले सर्वांत खणखणीत ख्रिस्ती लेखन त्याच्यासारख्याच माणसांनी केले आहे.