उसन्या चालींची आपली परंपरा

गिटार आणि ड्रम्स घेऊन कुणी नाट्यपद गायले की आपल्यांत दोन तट पडतात. एक म्हणतो, पद बाटवले. दुसरा म्हणतो, मुले गातात हेच पुष्कळ. पण नाट्यपदांच्या चाली तरी मुळात कुठून आल्या?

१८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल' आणले, तेव्हा साकी, दिंडी, लावणी, कीर्तन यांतल्या ओळखीच्या चाली घेतल्या. 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याचे वळण दिले. 'स्वयंवर'मध्ये (१९१६) भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी वापरल्या: राग आणि मुखडा ठेवायचा, शब्द नवे घालायचे, विस्तार आटोपता घ्यायचा. तीच पदे पुढे पेडणे-डिचोलीच्या जत्रांतील नाटकांत आणि दशावतारी काल्यात पोचली. भजनी मेळांनी त्या चालींवर अभंग बसवले. साथीची पेटी तर थेट युरोपातली!

तिकडेही हेच झाले. 'इमर्सन, लेक अँड पामर' या रॉक बँडने १९७१ साली मुसॉर्गस्कीची पियानोरचना रंगमंचावर वाजवली. आपल्याकडे सलील चौधरींनी 'छाया' (१९६१) चित्रपटातील एका गीतासाठी मोझार्टची सिंफनी घेतली. मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी 'कट्यार काळजात घुसली'ला (१९६७) दिलेल्या चाली २०१५च्या चित्रपटात शंकर-एहसान-लॉय यांनी नव्या वाद्यमेळात पुन्हा ऐकवल्या.

म्हणजे उसने घेण्यात पाप नाही. ते कसे घेतो ते महत्त्वाचे. यमनातल्या पदाला गिटारवर षड्जाची कॉर्ड चालते. रिषभावरची मेजर कॉर्डही चालते, कारण तिच्यात तीव्र मध्यम आहे. शुद्ध मध्यमावरची कॉर्ड लावली की यमन बिघडलाच. मुलांना एवढे दाखवून दिले तर ती वाद्य न सोडता राग सांभाळतील.

दुसरी गोष्ट नावाची. कुठले पद कुठल्या बंदिशीवर आहे, हे आजही घरातल्या जुन्या गाणाऱ्यांना तोंडपाठ असते. पण बहुतेकदा ते वहीत उतरलेले नसते. ती माणसे गेली की चाल उरेल, तिचे मूळ हरवेल. म्हणून आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पद, राग, ताल आणि मूळ बंदीश लिहून ठेवू या. कार्यक्रमात पद सादर होताना निवेदकाने ते मूळ सांगावे. मग साथीला पखवाज असो वा ड्रम्स.