एलईडी दिवा: कागदावरचा उजेड आणि कामावरचा उजेड

यंत्रमागाच्या शेडमध्ये, शिलाईच्या कारखान्यात, जरीकामाच्या कारचोबावर आणि दुकानाच्या गल्ल्यावर आता जिकडेतिकडे एलईडी दिवे आले आहेत. त्यामुळे विजेचे बिल कमी होते, यात वाद नाही. तक्रार निराळीच आहे. खोक्यावर जेवढा उजेड लिहिलेला असतो तेवढा कामावर पडत नाही, असे अनेक व्यापारी व कारागीर बांधव सांगतात. ही तक्रार पुष्कळदा खरी असते. मात्र प्रत्येक वेळी त्यामागे फसवणूकच असते असे नाही. कंपनीने केलेले माप आणि आपण करतो तो वापर यांत मुळातच फरक असतो. तो कसा, हे समजून घेतले तर खरेदी करताना पैसे नाहक जाणार नाहीत.

प्रथम वॉट आणि लुमेन हे दोन शब्द वेगळे करावेत. दिवा किती वीज खातो ते वॉटमध्ये मोजतात आणि तो किती उजेड देतो ते लुमेनमध्ये. पिवळ्या गोळ्याच्या काळात साठ वॉट म्हटले की उजेडाचा अंदाज यायचा, कारण सगळे गोळे सारखेच होते. एलईडीमध्ये तसे नाही. एक दिवा वॉटमागे 120 लुमेन देतो, तर दुसरा 70 सुद्धा देत नाही. म्हणून फक्त वॉट विचारून दिवा घेणे म्हणजे वजन विचारून कापड घेण्यासारखे आहे.

आता कंपनीच्या मापाकडे वळू. दिव्याच्या आत जी एलईडी असते तिचे माप बनवणारी कंपनी फार थोडा वेळ, म्हणजे सेकंदाच्या काही शतांश इतकाच, वीज देऊन घेते. एवढ्या वेळात एलईडी तापतच नाही. जुन्या पत्रकांत हे माप 25 अंश सेल्सियसला दिलेले असे. प्रत्यक्षात चालू दिव्यातली एलईडी 80-85 अंशांपर्यंत सहज जाते आणि तेवढ्यात पांढऱ्या एलईडीचा उजेड साधारण 10 ते 15 टक्क्यांनी उतरतो. कोरा तागा टेबलावर मोजला तर एक मीटर भरतो आणि धुतल्यावर आटतो, त्यातलाच हा प्रकार. आता बऱ्याच मोठ्या कंपन्या 85 अंशांचे माप देतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पत्रकात कोणते तापमान लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय दोन कंपन्यांची तुलना करू नये.

दुसरी बाब विजेच्या प्रवाहाची. अमेरिकेच्या क्री कंपनीची एक्सएम-एल ही मोठ्या ताकदीची एलईडी बाजारात आली तेव्हा कंपनीनेच जाहीर केले होते की 350 मिलिअँपिअरवर ती वॉटमागे 160 लुमेन देते आणि 3 अँपिअरवर वॉटमागे 100 लुमेन. म्हणजे एकाच नगातून दहा वॉट घालून 1000 लुमेन निघतात खरे, पण किफायत जाते. जाहिरातीत मात्र 160 आणि 1000 हे दोन्ही आकडे एकाच दमात सांगितले जातात, जणू ते दोन्ही एकाच वेळी मिळतात!

तिसरी बाब प्रतवारीची. आपल्याकडे जसा फ्रेश, सेकंड आणि फेंट माल वेगळा निघतो, तसे एलईडीचे कारखानदार प्रत्येक नग मोजून उजेडाप्रमाणे वेगवेगळ्या गटांत टाकतात. वरच्या गटाचा आकडा पत्रकात ठळक असतो, आणि स्वस्त दिवा जोडणारा खालच्या गटाचा माल घेऊन आकडा मात्र वरचाच छापतो. लबाडी असते ती बहुधा इथे, आणि खोक्यावरच्या वॉटमध्ये.

शिवाय सुट्या एलईडीचा उजेड म्हणजे पूर्ण दिव्याचा उजेड नव्हे. वरचे दुधी आवरण किंवा भिंग काही उजेड अडवते, आतला ड्रायव्हर स्वतः थोडी वीज खातो. यंत्रमागाच्या शेडमध्ये आणखी एक गोष्ट घडते. कापसाचे तूस दिव्यामागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांवर बसते, उष्णता बाहेर जात नाही आणि दिवा महिन्यागणिक मंद होत जातो. मे महिन्यात मालेगावच्या पत्र्याच्या शेडखाली काय होत असेल याची कल्पना वाचकांना आहेच. म्हणून विक्रेत्याला सुट्या एलईडीचे नव्हे, तर पूर्ण दिव्याचे लुमेन विचारावेत.

हे पडताळून पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. वॉटसाठी घरचे वीज मीटर पुरते. त्याच्यावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते, समजा 3200. बाकी सर्व बंद करून फक्त 50 वॉटचा दिवा अर्धा तास लावला तर 80 वेळा लुकलुकले पाहिजे. 50 वेळाच लुकलुकले, तर तो 31 वॉटचा दिवा आहे.

उजेडासाठी एक साधा लक्स मीटर घ्यावा. भरवशाच्या कंपनीचा 900 लुमेनचा दिवा एका बंद खोलीत छताकडे तोंड करून लावावा, अर्धा तास तापू द्यावा आणि छतावरून परतलेला उजेड एका ठरावीक जागी मोजावा. मीटरवर दिव्याचा थेट उजेड पडता कामा नये. मग त्याच जागी दुसरा दिवा तसाच लावून मोजावा. पहिल्याने 60 लक्स दाखवले आणि दुसऱ्याने 40, तर दुसरा सुमारे 600 लुमेनचा समजावा. दिवा लावल्याबरोबरचा आकडाही लिहून ठेवावा. अर्ध्या तासात तो फार घसरला, तर उष्णता बाहेर काढण्याची सोय कच्ची आहे.

कामाच्या जागी मात्र लुमेन नव्हे, लक्सच पाहायचे असतात. युरोपातील मानकात विणकामाला 500, शिवणकामाला 750 आणि कापड तपासणीला 1000 लक्स सांगितले आहेत. जरीच्या बारीक टाक्यावर रात्ररात्र डोळे घालवणाऱ्या आपल्या कारागिरांच्या कारचोबावर किती भरतात, ते मालकांनी एकदा मोजून पाहावे. लहान दिवा दोन मीटरवरून एक मीटरवर खाली आणला तर त्याच्याखालचा उजेड सुमारे चौपट होतो. त्यामुळे कित्येकदा नवा दिवा घ्यावाच लागत नाही.

आम्हा कापडवाल्यांसाठी एक गोष्ट आणखी. पांढरी एलईडी म्हणजे निळ्या उजेडावर पिवळ्या रसायनाचा थर. स्वस्त दिव्यात गडद लाल उजेड फार कमी असतो. त्यामुळे दुकानात एकसारखे दिसणारे दोन मरून तागे उन्हात वेगळे निघतात आणि माल परत येतो. रंग खरा दाखवणारा, म्हणजे सीआरआय 90 किंवा त्याहून अधिक असलेला दिवा त्याच वॉटमध्ये लुमेन थोडे कमी देतो. गोदामात तो नको, पण काउंटरवर आणि रंग जुळवण्याच्या टेबलावर तोच घ्यावा. दिवा घ्यायला जाताना मरून आणि राणी रंगाचे, उन्हात तपासलेले दोन तुकडे खिशात असू द्यावेत.