राजीनाम्यापूर्वी पेटीचा हिशेब

शहरातील नोकरी सोडून कोकणातील घरच्या बागेचा हापूस इंटरनेटवरून थेट गिऱ्हाइकास विकावा, अशी इच्छा अनेक तरुणांच्या मनात असते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले असून रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील बागायतदारांस नोंदणी करून ते वापरता येते. थेट विक्रीत अडत वाचते हे खरे. परंतु पेटी, पेंढा, वाहतूक आणि वाटेत नासलेल्या फळाची भरपाई ही सर्व विक्रेत्याच्याच शिरी येते. शिवाय पगार बारा महिने मिळतो, आंबा मात्र उन्हाळ्यातच. अवकाळी पावसाने मोहोर गळाल्यास तेवढेही उत्पन्न हाती लागत नाही.

म्हणून पहिला हंगाम नोकरी सांभाळून, घरच्यांच्या मदतीने थोड्या पेट्यांवर करून पाहावा. प्रत्येक पेटीचा जमाखर्च लिहावा. कार्बाइडने फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, हे ध्यानी ठेवावे. वर्षभराच्या घरखर्चाची तरतूद झाल्यावरच राजीनामा द्यावा. वरिष्ठाचा हुकूम संपला तरी गिऱ्हाइकास दिलेला शब्द पाळावाच लागतो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा तरुणांस उत्तेजन देताना हा हिशेबही समजावून द्यावा.