आधी स्वतःची गाडी धुवा, मग कर्जाचा अर्ज भरा



मागे लाखनीकडे एका प्रशिक्षणात एक तरुण भेटला. घरी धानाची शेती, दारात एक जुनी चारचाकी आणि डोक्यात पक्की कल्पना, की हायवेला वॉशिंग सेंटर टाकायचं. म्हणाला, "सर, आठ लाखांची फाइल तयार आहे." मी विचारलं, "स्वतःची गाडी शेवटची कधी धुतलीस?" तो हसला. "गाडी धुवाले काय शिकाचं आहे जी? पानी मारलं, साबन लावला, फडक्यानं पुसलं, झालं!"

मला हसू आलं नाही. कारण हेच वाक्य एकेकाळी मीही बोललो होतो आणि त्याची किंमतही मोजली होती. सुरुवातीच्या काळात ओळखीच्या एका गृहस्थांची काळी गाडी मी हौसेनं धुऊन दिली. भर उन्हात, कपड्यांच्या पावडरीनं, जुन्या टॉवेलनं. तेव्हा गाडी चकाचक दिसली. संध्याकाळी दिव्याखाली पाहिली तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे! पॉलिशचे पैसे मी भरले. ओरखडे गेले, पण त्या गृहस्थांनी पुन्हा कधी गाडी माझ्या हातात दिली नाही.

म्हणून आजचा विषय साधा आहे, पण कामाचा आहे. आपली गाडी घरीच, आतून-बाहेरून, नीट कशी धुवायची? गाडी फक्त घरची असेल तर पैसे वाचतील. गाडीतून माल पोचवत असाल तर तीच तुमची चालतीबोलती पाटी आहे. आणि यातच धंदा करायचा असेल, तर तुमची पहिली शाळा तुमच्याच अंगणात आहे.

कल्हई आठवा

भंडारा म्हणजे पितळेच्या भांड्यांचं गाव. आजीला विचारा, पितळेचं भांडं बाहेरून चिंच आणि राखेनं घासलं तरी चालतं, पण आतल्या कल्हईवर तसा जोर काढायचा नाही. कल्हई पातळ असते. ती गेली की भांडं कामातून गेलं.

गाडीच्या रंगावरही असाच एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. धुळीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसता तेव्हा तुम्ही त्या थरावर वाळू घासत असता. आपल्याकडे तर धुळीची कमी नाही. रोवणीच्या दिवसांत चिखल, मळणीच्या दिवसांत भुसा, तुमसरकडे मँगनीजच्या खाणींची धूळ आणि रेतीच्या ट्रकमागे चाललात तर विचारूच नका. एवढं एक सूत्र पाठ करा: आधी धूळ पाण्यानं सोडवा, मग हात लावा.

सामान काय लागेल?

दोन बादल्या, कार शॅम्पू, तीन-चार मायक्रोफायबर कापडं, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि रंगकामाचा एक मऊ ब्रश. कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण नको. ते तेलकटपणा काढायला बनवलेले असतात, त्यामुळे गाडीवरचं मेणही काढून नेतात.

आधी आतून

आतली धूळ बाहेर उडते, म्हणून सुरुवात आतून करा.

१. मॅट, कागद, बाटल्या, सगळं बाहेर काढा. मॅट वेगळ्या धुऊन सावलीत वाळत घाला.

२. वरून खाली या. आधी छत, मग डॅशबोर्ड, सीट आणि शेवटी तळ. एसीच्या जाळ्यांत मऊ ब्रश फिरवा. व्हॅक्यूम असेल तर उत्तम, नसेल तर छोटी केरसुणीही चालते.

३. डॅशबोर्ड ओलसर कापडानं पुसा. चमक आणणारा स्प्रे स्टिअरिंग आणि पेडलवर कधीच मारू नका. पाय घसरला तर चमक कोणाच्या कामाची?

४. कापडी सीटवर पाणी ओतू नका. फेस काढा, फक्त फेसानं घासा, लगेच कोरड्या कापडानं टिपा आणि चारही दारं उघडी ठेवून वाळू द्या. आतला फोम ओला राहिला की पावसाळ्यात गाडीला कुबट वास लागतो. त्यावर सुगंधी डबी ठेवणं म्हणजे आजारावर अत्तर लावणं.

५. बऱ्याच गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एसीचा फिल्टर असतो. तो काढून बघा. मळणीच्या मोसमानंतर त्यात काय काय अडकलेलं असतं, ते पाहून चकित व्हाल.

मग बाहेरून

१. गाडी सावलीत घ्या आणि थंड होऊ द्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळतो, बोअरचं जड पाणी वाळून पांढरे डाग पडतात. म्हणून सकाळची वेळ सगळ्यात चांगली. लांबून आल्याआल्या तापलेल्या डिस्क ब्रेकवर गार पाणी मारू नका, डिस्क वाकू शकते.

२. आधी चाकं आणि चाकांवरची कमान धुवा. सगळ्यात जास्त घाण तिथेच असते. चाकाचं कापड किंवा ब्रश बॉडीला लावायचा नाही.

३. पूर्ण गाडीवर पाणी सोडा. चिखल वाळला असेल तर पाच मिनिटं भिजू द्या. रात्रीच्या हायवेवर चिकटलेले किडे आणि पक्ष्यांची विष्ठा यांवर ओलं कापड ठेवा, खरवडू नका. विष्ठा रंग खाते, ती रविवारची वाट बघत ठेवू नका.

४. आता दोन बादल्यांचं काम. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. कापड शॅम्पूत बुडवा, एक भाग धुवा, साध्या पाण्यात खळखळून काढा, मगच परत शॅम्पूत. छतापासून खाली या. हात गोल नको, सरळ रेषेत फिरवा.

५. साबण वाळण्याआधी पाणी मारा आणि मायक्रोफायबरनं टिपून घ्या. दारांच्या कडा, डिकीची खाच आणि दारांच्या खालची छोटी छिद्रं तपासा. ती छिद्रं चिखलानं बुजली की पाणी आत साचतं आणि गंज आतून सुरू होतो.

६. बॉनेट उघडून पाइपनं पाणी मारू नका. तिथे बॅटरी, अल्टरनेटर आणि वायरिंग असतं. ओलसर कापड पुरे. शेवटी गाडी थोडी चालवून दोन-चारदा हळू ब्रेक दाबा, म्हणजे ब्रेक कोरडे होतील.

पाणी मोजलंत का?

तुमच्या नळाच्या पाइपनं १५ लिटरची बादली एका मिनिटात भरते असं समजा. पाइप २० मिनिटं चालू ठेवलात तर ३०० लिटर गेले. बादल्यांनी धुतलं तर चार बादल्या, म्हणजे ६० लिटर. एका गाडीमागे २४० लिटरचा फरक!

आणि एक कळकळीची विनंती. गाडी नदीत किंवा तलावात उतरवून धुऊ नका. आपले मालगुजारी तलाव कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या खपून बांधले. त्यावर धान पिकतं, ढिवर बांधवांची मासेमारी चालते. नागपूरच्या नाग नदीची घाण कन्हानमार्गे आपल्या वैनगंगेत येते, म्हणून आपण तक्रार करतो ना? मग त्यात आपल्या गाडीचं ऑइल तरी कशाला? जलप्रदूषणाविरुद्ध १९७४ पासून कायदाही आहे.

आता हिशोबाची वही काढा

समजा, घरी जाऊन गाडी धुण्याचे तुम्ही ३५० रुपये घेता. शॅम्पू, कापडाची झीज आणि पेट्रोल धरून ७० रुपये खर्च. हातात राहिले २८०. आता त्या तरुणाचं कर्ज घ्या. आठ लाख, समजा ११ टक्के व्याज, ५ वर्षं. महिन्याचा हप्ता साधारण १७,४०० रुपये. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला ६३ गाड्या! जागेचं भाडं, वीज आणि मजुरी अजून वेगळीच. पावसाच्या चार महिन्यांत किती गाड्या येतील, हा प्रश्न तर बँकेच्या फॉर्मवर नसतोच.

कर्ज वाईट नाही. मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, घरपोच सेवेची सुरुवात करायला तेवढं भरपूर आहे. पुढे वाढायचं असेल तर पीएमईजीपीत सेवा उद्योगासाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो आणि गट व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. त्यासाठी भंडाऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जा. पण लक्षात ठेवा, हे अनुदान रोख हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत तुमच्या नावानं ठेव म्हणून राहतं आणि कर्जाचा हप्ता तुम्हालाच भरायचा असतो. सेंटर टाकण्याआधी सांडपाण्याचं काय करायचं आणि कोणती परवानगी लागते, हेही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारून घ्या.

त्या तरुणाचं काय झालं?

मी त्याला एकच गृहपाठ दिला होता. स्वतःची गाडी तीनदा आणि नातेवाइकांच्या सात गाड्या धुवायच्या. दरवेळी वेळ, पाणी आणि सामान वहीत लिहायचं. महिन्याभरानं त्याचा फोन आला. पहिल्या गाडीला अडीच तास लागले होते, दहावीला सव्वा तास. त्याहून मोठी गोष्ट पुढे. म्हणाला, "सर, लोकाइले बाहेरची चमक नाही पाहिजे. आतला वास जाते का, हेच विचारते सारे!" त्याचं मूळ सेंटर बाहेरून पाणी मारण्यापुरतंच होतं. त्याच्या आठ लाखांच्या फाइलमध्ये आतल्या सफाईसाठी एक रुपयाही धरलेला नव्हता.

आता तो मोटारसायकलवर बादल्या बांधून घरोघरी आतली सफाई करतो. फाइल कपाटात आहे. फाडली नाही, फक्त थांबवली आहे.

तुमचा गृहपाठही तोच. या रविवारी सकाळी स्वतःची गाडी घ्या, दोन बादल्या भरा आणि शेजारी वही ठेवा. दहा गाड्यांचे आकडे वहीत आले की मग बँकेत जा. साहेब जे विचारतील, त्याचं उत्तर तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल.