परक्या शहरात आधी पत्ता लागतो
(कामरगाव येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, समोर बसलेल्यांत निम्मी पोरं आहेत आणि निम्मे त्यांचे आईवडील, हे बघून बरं वाटलं. कारण आज जे सांगणार आहे त्यातला अर्धा भाग जाणाऱ्यासाठी आहे आणि अर्धा इथं राहणाऱ्यांसाठी.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून नर्सिंग झालेली मुलगी असो की आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, घराघरांत जर्मनीचं नाव निघतं. त्या राज्याची राजधानी श्टुटगार्ट. मुंबईचं आणि या शहराचं भगिनी-शहराचं नातं १९६८ पासूनचं आहे. भाषेचे क्लास निघाले, व्हिसाची माहिती मिळते. पण विमानातून उतरल्यावर पहिले सहा आठवडे काय करायचं, ते कोणी नीट सांगत नाही. म्हणून मी फक्त त्यावरच बोलतो.

आपल्या गावात पत्ता कोणी विचारत नाही. बसस्टँडवर उतरलं की म्हातारा विचारतो, "कोनाचा पोरगा होय रे तू?" बापाचं नाव सांगितलं की झालं. तोच आपला पत्ता आणि तीच आपली ओळख. तिकडं उलटं आहे. तिथं बापाचं नाव कोणी विचारत नाही, पण कागदावर पत्ता नसेल तर तुमचं कुठलंच काम पुढं सरकत नाही.

कसं ते बघा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असा तिथं कायदा आहे. याला म्हणतात आनमेल्डुंग. नोंदणीला जाताना पासपोर्ट लागतो आणि घरमालकानं सही केलेला एक कागद लागतो, की हा माणूस अमुक तारखेपासून माझ्याकडं राहतो. त्या कागदाचं नाव आहे वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. (हशा) हसू नका, पाठ करा. हा कागद देणं घरमालकावर बंधनकारक आहे. नोंदणी झाली की काही दिवसांनी पोस्टानं अकरा आकडी कर-क्रमांक येतो. तो मालकाकडं, म्हणजे कंपनीकडं, दिला नाही तर पगारातून जास्तीच्या दरानं कर कापला जाऊ शकतो. बँकेला पत्ता हवा, आरोग्य विम्याचं कार्ड पत्त्यावर येणार, आणि व्हिसाची मुदत संपण्याआधी राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा तोही नोंदवलेल्या पत्त्यावरूनच. अर्ज मुदतीच्या आत केला असेल आणि कार्ड यायला उशीर लागला, तर मधल्या काळासाठी दाखला मिळतो. मुदतीनंतर गेलात तर अवघड आहे. भेटीची तारीख मिळायलाच वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच ती मागून ठेवायची.

आता एक बारीक गोष्ट. तिकडं इमारतीत फ्लॅटला सहसा नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. पोरं महिनाभर कर-क्रमांकाची वाट बघत बसतात आणि पत्र केव्हाच परत गेलेलं असतं. तेव्हा खोली मिळाली की त्याच संध्याकाळी कागदाच्या पट्टीवर आडनाव लिहा आणि पेटीवर चिकटवा. दुसऱ्या कोणाच्या घरात खोली घेतली असेल तर त्यांच्या नावाखाली आपलं लावा. आणि आडनाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. आपल्याकडं टीसीवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. कोणाच्या पासपोर्टात आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत. हे सगळं इथं असतानाच दुरुस्त करून घ्या. इथं दोन चकरांत होतं, तिथून वर्ष जातं.

तर खोली. खरं सांगायचं तर नोकरी मिळण्यापेक्षा श्टुटगार्टात खोली मिळणं जास्त कठीण. जाहिरातीत दोन भाडी दिसतील. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. वीज बहुधा त्याहूनही वेगळी. हिशेब नेहमी वार्ममीटेवर करा. अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला कायद्यानं हक्क आहे. जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

फसवणूकही इथंच होते. फोटो सुंदर, भाडं स्वस्त, आणि मालक म्हणतो, "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरनं पाठवतो." अशा माणसाला एक युरोसुद्धा पाठवायचा नाही. खोली स्वतः बघितल्याशिवाय, नाहीतर ओळखीच्या कोणी जाऊन बघितल्याशिवाय पैसे नाहीत. दुसरा प्रकार थोडा गोड असतो: खोली खरी असते, पण सांगतात, "राहा, मात्र इथं नोंदणी करायची नाही." ती खोली फुकट मिळाली तरी महाग. म्हणून पहिला प्रश्न भाड्याचा विचारू नका, नोंदणी करता येईल का ते विचारा. आणि इथून निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या, की पहिल्या एक-दोन महिन्यांची जागा कोण देणार आणि तिथं नोंदणी होणार का. एजंट या प्रश्नाला टाळाटाळ करत असेल तर तिथंच ओळखा. नोंदणीकृत एजंटाला फी म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. तो नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतं.

जागेचा हा प्रश्न आजचा नाही. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले तेव्हा त्यांनीही आधी कोलंबियाच्या हार्टले हॉल वसतिगृहात, मग कॉस्मोपॉलिटन क्लबात मुक्काम केला. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते राहिले, आणि ती मैत्री जन्मभराची झाली. हेच बाबासाहेब १९१७ मध्ये शिकून बडोद्याला नोकरीवर आले, तर आपल्याच देशात त्यांना खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. नोकरी होती, जागा नव्हती, म्हणून बडोदं सोडावं लागलं. आडनाव ऐकून खोली नाकारणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तिकडंही परकं नाव बघून उत्तर न देणारे मालक आहेत. पन्नास ठिकाणी लिहिलं आणि पाच उत्तरं आली, तर त्यात तुमची लायकी शोधू नका. एक्कावन्नावं पत्र लिहा.

भाषेचं एक. क्लासमध्ये तुम्ही प्रमाण जर्मन शिकता आणि श्टुटगार्टात उतरता तर लोक श्वेबिश बोलतात. पुस्तकी मराठी शिकून आलेला माणूस कामरगावच्या बाजारात उभा केला तर त्याचं जे होईल, तेच तुमचं होईल. घाबरू नका. "हळू बोला" म्हणायला शिका, ते बोलतात. आणि केअरवोखे नावाची त्यांची जुनी पद्धत समजून घ्या. आठवड्याच्या पाळीनं भाडेकरूंनी जिना झाडायचा, पुसायचा. बऱ्याच इमारतींत पाळी आली की दारावर पाटी लटकते. ती पाटी बघूनही जिना झाडला नाही, तर शेजारी बोलणार नाहीत, पण विसरणारही नाहीत. जिना चांगला झाडला की म्हातारी शेजारीण पहिल्यांदा "ग्र्युस गॉट" म्हणते. ओळख होते ती अशी.

ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्यांसाठी: आपलं लायसन्स तिथं राहायला लागल्यापासून सहा महिनेच चालतं. पुढं लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. आणि सगळ्यांसाठी: रुग्णवाहिका व अग्निशमन ११२, पोलीस ११०, रात्री ताप आला तर डॉक्टरसाठी ११६११७.

आता आईवडिलांनो, तुमच्याकडं वळतो. पोरगं नोकरीसाठी गेलं की त्याचं इथलं बचत खातं बँकेला कळवून एनआरओ करावं लागतं. तिकडची कमाई ठेवायला एनआरई खातं काढा, त्याच्या व्याजावर इथं कर नाही. इथलं सिमकार्ड रोमिंगसह चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाही आणि खातं असूनही उघडणार नाही.

जमिनीचं नीट ऐका, कारण पुढच्या भांडणांचं मूळ यातच असतं. दोन वर्षांनी पोरगं म्हणेल, "बाबा, पैसे पाठवतो, माझ्या नावानं बाजूची चार एकर घ्या." तसं घेता येत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घ्यायला परवानगी नाही. आधी नावावर असलेली ठेवता येते, वारशानं आलेली घेता येते, पण नवी खरेदी नाही. आणि वाटणी, फेरफार, असलं काही बाकी असेल तर त्याला जाण्याआधीच तहसीलला घेऊन जा. राहिलंच तर मुखत्यारपत्र करावं लागेल. त्याची सही म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासात, कारण श्टुटगार्ट त्यांच्याकडं येतं. तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथं मुद्रांक भरावा लागतो. दिवस मोजा, कागद कपाटात ठेवून देऊ नका.

फोनची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेतीन. डिसेंबरात तिथं साडेचारला अंधार पडतो, आणि पोरगं पाचला कामावरून एकटं खोलीवर येतं तेव्हा आपल्याकडं साडेनऊ वाजलेले असतात. तेवढ्या वेळेपुरते जागे राहा.

आता प्रश्न घेऊ. ज्यांच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे, त्यांनी आधी पुढं या.